धमकी कोणत्या दारात न्यायची, दवाखाना कोणत्या

पत्र : नमस्कार. मी पूर्व नागपुरात राहतो, वय 27. आमच्या वस्तीतल्या सिस्टर महापालिकेच्या पोटनिवडणुकीला अपक्ष उभ्या आहेत. आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केली, आता निवृत्त आहेत. आम्ही वीस-पंचवीस पोरं त्यांच्यासाठी राबतो. गेल्या आठवड्यात त्यांना दोनदा फोन आला, ‘फॉर्म मागं घे, नाहीतर घरी पोचणार नाहीस.’ दुसऱ्या वेळी घाण शिव्याही दिल्या. चौकसभेत मागून कुणीतरी काचेची बाटली फेकली. आम्ही ठाण्यात गेलो, तर एनसी लिहून कागद हातात दिला. काही पोरं म्हणतात बाउन्सर लावू, काही म्हणतात व्हिडिओ टाकू. सिस्टर म्हणतात, लक्षच देऊ नका. दुसरी अडचण जाहीरनाम्याची. त्यात ‘सर्वांना मोफत उपचार, मेडिकल-मेयोत सुधारणा, आरोग्य हक्क कायदा, वस्तीत मोफत तपासणी शिबिर’ असं लिहिलंय. (मेडिकल आणि मेयो ही शहरातली दोन मोठी सरकारी रुग्णालयं.) पानठेल्यावर लोक विचारतात, पाच लाखांचं कार्ड आहे तर डॉक्टरकडे पैसे काहून लागतात? मला उत्तर देता येत नाही. सिस्टरची काळजी वाटते आणि जाहीरनाम्याचीही. काय करू?
— एक कार्यकर्ता

उत्तर : भाऊ, आधी फोनचं बघू, कारण अर्ज मागं घ्यायची मुदत आणि मतदानाची तारीख कुणासाठी थांबत नाही.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. साध्या धमकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 351(2) खाली येतो आणि तो अदखलपात्र आहे. अशा गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 174 सांगतं. म्हणजे ठाण्यातल्या माणसाने तुम्हाला टाळलंच असेल असं नाही. पण तुम्ही कागद घेऊन घरी आलात आणि गोष्ट तिथेच थांबली. एनसीवर पुढे काय करायचं हे फिर्यादीने मागावं लागतं, आणि ते बहुतेक जण मागत नाहीत.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी अशा आहेत की त्या नीट लिहिल्या तर प्रकरण साध्या धमकीपुरतं राहत नाही. ‘घरी पोचणार नाहीस’ ही जिवाची धमकी आहे. तिला 351(3) लागू शकतं आणि त्यात शिक्षा 7 वर्षांपर्यंत आहे. फोन करणाऱ्याने नाव लपवलं असेल तर 351(4) सुद्धा बघायला सांगा. दुसऱ्या फोनवरच्या शिव्या बाईच्या लज्जेवर घाव घालणाऱ्या असतील तर कलम 79 येतं, आणि ते दखलपात्र आहे. एकाच प्रकरणात एक गुन्हा दखलपात्र असला की सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. मग एफआयआर नोंदवून तपास सुरू करता येतो. तिसरी गोष्ट ‘फॉर्म मागं घे’ या शब्दांत आहे. निवडणुकीला उभं राहणं, न राहणं किंवा अर्ज मागं घेणं हा कायद्याने मानलेला निवडणूक हक्क आहे. त्यासाठी उमेदवाराला इजेची धमकी देणं हा कलम 171 खालचा गैरवाजवी दबाव ठरतो. त्याची शिक्षा न्याय संहितेच्या कलम 174 मध्ये आहे. (174 दोन आहेत, एक न्याय संहितेतलं आणि एक सुरक्षा संहितेतलं. अर्जात नुसतं ‘कलम 174’ लिहिलंत तर वाचणारा बुचकळ्यात पडेल.)

म्हणून एनसीच्या कागदाला जोडून नवा लेखी अर्ज द्या. फिर्याद सिस्टरनीच द्यायची. कार्यकर्त्याने दिलेली फिर्याद ऐकीव ठरते आणि पुढे वकील त्यावरच बोट ठेवतो. अर्जात फोनची तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत लिहा. कोणत्या नंबरवरून आला, साधा कॉल होता की व्हॉट्सअॅपवरचा, किती वेळ चालला, तेव्हा जवळ कोण होतं, हेही लिहा. शिव्या जशाच्या तशा लिहायच्या. बहुतेक अर्जांत ‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढंच असतं आणि तिथेच अर्ज लंगडा होतो, कारण लज्जा दुखावली की नाही हे शब्दांवरूनच ठरतं. सिस्टरना ते शब्द लिहायला संकोच वाटेल. महिला पोलीस अधिकाऱ्यासमोर जबाब देण्याची मागणी करा, तो त्यांचा हक्क आहे.

अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने करा. एक प्रत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना आणि एक निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना द्या. तिन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ठाण्याने दखलपात्र भाग नोंदवायला नकार दिला तर सुरक्षा संहितेच्या 173(4) प्रमाणे मजकूर टपालाने वरिष्ठांना पाठवता येतो आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ऑनलाइन तक्रार केलीत तर 3 दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ही सही विसरल्याने कितीतरी तक्रारी हवेत राहतात. आणि हो, आचारसंहिताभंग कळवायचं सी-व्हिजिल अॅप लोकसभा-विधानसभेसाठी आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे आचारसंहितेची तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातच द्यायची.

फोन कुणाचा हे कळलं किंवा संशय असला तर अर्जातच प्रतिबंधक कारवाईही मागा. सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली त्या माणसाकडून शांतता राखण्याचं, किंवा तो सराईत असेल तर 129 खाली चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून घेता येतं. ठाण्यात याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण निवडणुकीच्या तीन आठवड्यांत खरा उपयोग याच कागदाचा होतो. बंधपत्र लिहून दिलेला माणूस पुन्हा फोन करायला दहादा विचार करतो.

आता पुरावा. सिस्टरचा तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, ‘स्टोरेज भरलं’ म्हणून काही पुसूही नका. रेकॉर्डिंग झालं असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. ती ग्रुपवर फिरवली की हातात राहतात नकला, आणि नकलेची फाइल मूळ फाइलसारखी राहत नाही. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन ज्याच्या ताब्यात त्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. बाटलीचे तुकडे कुणी उचलून ठेवले असतील तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि ठसे खराब होतात.

फोन करणारा जवळपासचाच असतो असं धरून चालू नका. जानेवारी 2023 मध्ये नितीन गडकरींच्या खामल्यातल्या जनसंपर्क कार्यालयात धमकीचे फोन आले, तेव्हा तपास जाऊन पोचला बेळगावच्या हिंडलगा कारागृहात. त्यामुळे ‘हे अमक्याचंच काम आहे’ असं तुमच्या पोरांनी चौकात बोलणं बंद करा. ते खोटं निघालं तर उलटी तक्रार सिस्टरवर येईल.

व्हिडिओ टाकायचा का? आमच्या मते, अर्जाची पोच हातात येईपर्यंत अजिबात नाही. आधी व्हिडिओ आणि मग तक्रार असा क्रम झाला की समोरचा म्हणतो, सगळं मतांसाठी रचलंय, आणि ठाण्यातला अधिकारीही त्याच नजरेने बघायला लागतो. पोच मिळाल्यावर एक ओळीचं निवेदन पुरे : तक्रार दिली आहे, तपास सुरू आहे. रेकॉर्डिंग ऐकवायचं नाही.

पोलीस संरक्षण मागायचं असेल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे करा. सोबत एनसी, नवा अर्ज, वैध उमेदवारांच्या यादीतलं सिस्टरचं नाव आणि मतदानापर्यंतचा दिवसवार कार्यक्रम जोडा. धोका किती आहे याची पाहणी होते आणि समिती ठरवते. महाराष्ट्रात संरक्षण फुकटही मिळतं आणि पैसे भरूनही. ‘उमेदवार आहेत, गनमॅन द्या’ असा दोन ओळींचा अर्ज पडून राहतो. कार्यक्रम जोडलेल्या अर्जावर निदान त्या-त्या चौकात बीट मार्शल (गस्तीचे पोलीस) फिरवा असं तरी सांगता येतं, आणि बऱ्याचदा तेवढंच हवं असतं.

बाउन्सर लावू नका. खाजगी रक्षक ठेवायचाच असेल तर 2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना असलेल्या संस्थेचाच ठेवा. त्याचं बिल निवडणूक खर्चात दाखवावं लागेल हेही लक्षात ठेवा. त्याच्याकडे हत्यार असेल तर परवान्याची प्रत आणि निवडणूक काळात ते बाळगायची परवानगी तपासा. 8 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. तो अनोळखी माणसाने अंधारात केलेला हल्ला नव्हता. ओळखीच्या माणसाने आपल्या कार्यालयात बोलावून, फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या, आणि पिस्तूल त्या माणसाच्या खाजगी रक्षकाचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हा निवडणुकीच्या दिवसांत ‘जुनं भांडण मिटवू, एकट्या या’ असा निरोप आला तर सिस्टरनी जायचं नाही. भेट प्रचार कार्यालयात, दिवसा आणि आपली दोन माणसं बसलेली असतानाच होईल.

शिवाय सिस्टरची ताकद लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत जाण्यात आहे. काळे टी-शर्ट घातलेले चार दांडगे दारात उभे राहिले तर आतली बाई पदर सावरून दार लावून घेईल. त्यापेक्षा हे करा. पदयात्रेत सिस्टरसोबत रोज तेच सहा जण ठेवा : दोन पुढे, दोन बाजूंना, दोन मागे. मागच्या दोघांनी पाठीकडेच बघायचं, मोबाइलकडे नाही. बाटली मागून आली ना? मग चौकसभेत सिस्टरच्या पाठीशी बंद भिंत किंवा उभा टेम्पो असू द्या, आणि हॅलोजन त्यांच्या तोंडावर न मारता गर्दीवर मारा. उजेडात असलेला माणूस बाटली उचलत नाही, आणि उचललीच तर दिसतो. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवायचं आणि चालकाने खर्रा आणायला उतरायचं नाही. कोणत्या गल्लीत आहोत हे लाइव्ह टाकू नका, फोटो तिथून निघाल्यावर टाका. शेवटचं घर झाल्यावर सिस्टरना त्यांच्या दाराच्या आत सोडूनच परतायचं. धमकी ‘घरी पोचणार नाहीस’ अशीच आहे, म्हणजे धोका मंचावर कमी आणि रात्री दहानंतरच्या त्या शेवटच्या दोनशे पावलांत जास्त. रस्ता रोज बदला. गल्लीतला बंद दिवा झोन कार्यालयात तक्रार देऊन लावून घ्या.

पण खरं सांगायचं तर नागपुरात ऐन उन्हाळ्यात प्रचार करणाऱ्या बाईला धमकीच्या फोनपेक्षा ऊन लवकर गाठेल. 24 एप्रिल 2024 रोजी पुसदच्या सभेत गडकरी मंचावरच चक्कर येऊन पडले, आणि ते तर नागपूरच्या उन्हात वाढलेले. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने 14 जण गेले. ते मंचावरचे नव्हते, उन्हात बसलेले होते. म्हणजे सिस्टरइतकीच काळजी तुम्हा पोरांचीही. दारोदारचा प्रचार सकाळी साडेदहाच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळेत फोन, बैठका, कागद. नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागला तर सकाळचा वेळ आणखी अर्ध्या तासाने आवरता घ्या. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचं. अर्धं पाकीट ग्लासात ढवळून पिणं चुकीचं, त्यात क्षाराचं प्रमाण बिघडतं. तयार पाणी 24 तासांनी फेकून द्यायचं.

कुणी असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, घाम थांबला किंवा पाय लटपटले, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत तिथेच थंड करायला सुरुवात करा : सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ किंवा ओले फडके. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. पॅरासिटामॉल देऊ नका, त्या तापावर ते चालत नाही. सिस्टरना हे सगळं पाठ आहे, पण पडलेल्या सिस्टरच असतील तर तुम्हाला यायला हवं. दगड-बाटली लागून रक्त आलं तर स्वच्छ फडकं दाबून धरायचं आणि 10 मिनिटं उचलून बघायचं नाही. प्रत्येक सभेच्या आधी जवळ मेयो पडतं की मेडिकलचं ट्रॉमा सेंटर, आणि त्या वेळी कुठला रस्ता मोकळा असतो, हे चालकाला तोंडपाठ असलं पाहिजे.

आता जाहीरनामा. तो वाईट हेतूने लिहिलेला दिसत नाही, पण चुकीच्या दारावर लिहिला आहे.

नागपुरातले दवाखाने एकाच मालकाचे नाहीत. मेडिकल, सुपर स्पेशालिटी आणि मेयो राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. डागा स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. मिहानचं एम्स केंद्राकडे. महापालिकेकडे येतात ती नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि तिची स्वतःची मोजकी रुग्णालयं, जसं गांधीनगरचं इंदिरा गांधी रुग्णालय किंवा पाचपावलीचं सूतिकागृह. मेडिकलमधला एमआरआय कधी सुरू होईल हे नगरसेविका ठरवू शकत नाही. ‘मेडिकल-मेयोत सुधारणा’ ही ओळ खोडा. मालकीचा हा फरक लोकांना पैशांतही भोगावा लागतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत झाले, पण वैद्यकीय महाविद्यालयांना तो निर्णय लागू नव्हता. म्हणून डागात एक अनुभव आणि मेडिकलच्या खिडकीवर दुसरा. लोकांना वाटतं, सरकारी ते सगळं एकच.

‘आरोग्य हक्क कायदा’ हीसुद्धा महापालिकेची गोष्ट नाही. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्य सूचीतला विषय आहे. राजस्थानने मार्च 2023 मध्ये असा कायदा केला तो विधानसभेत, आणि तेव्हा तिथले खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. सिस्टरना हा मुद्दा मनापासून हवाच असेल तर एवढं लिहा : ‘सभागृहात ठराव मांडून शासनाकडे पाठवू आणि हिवाळी अधिवेशनात निवेदन देऊ.’ अधिवेशन आपल्याच शहरात भरतं, त्यामुळे हे आश्वासन पाळता येण्याजोगं आहे.

पानठेल्यावरच्या प्रश्नाचं उत्तर असं. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतले 5 लाख हे दर वर्षी, कुटुंबामागे, योजनेत असलेल्या रुग्णालयात भरती होऊन होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी आहेत. डॉक्टरची फी, बाहेरून लिहून दिलेली गोळी, नुसती सोनोग्राफी या गोष्टी त्यात येत नाहीत. फुले योजनेची मर्यादा आधी दीड लाख होती, ती 5 लाख झाली, आणि पांढऱ्या रेशनकार्डवालेही तिच्यात आले. 70 वर्षांवरच्या माणसाला उत्पन्न न बघता वेगळं कार्ड निघतं. लोक चुकतात ते एकाच ठिकाणी : आधी भरती होतात, अनामत भरतात आणि तिसऱ्या दिवशी कार्ड काढून दाखवतात. रुग्णालयात शिरताच आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल शोधायचं, रेशनकार्ड आणि आधार तिथे द्यायचं आणि मंजुरीचं विचारायचं. अडलंच तर 155388 वर फोन.

खाजगी धर्मादाय रुग्णालयाचं दार लोकांना माहीतच नसतं. विश्वस्त कायद्याच्या कलम 41अअ खाली त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला 1 लाख 80 हजार आणि दुर्बल घटकांसाठी 3 लाख 60 हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो आजारी पडल्यावर काढायला गेलं की आठवडा जातो. तुमच्या पंचवीस पोरांनी निवडणूक संपल्यावर वस्तीतल्या डायलिसिसवाल्या आणि सिकलसेलच्या घरांचे दाखले काढून दिले, तर ते मोफत उपचारांच्या चार फलकांपेक्षा जास्त कामाचं.

मग जाहीरनाम्यात लिहायचं काय? आकडे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या 24.47 लाख आणि प्रभाग 38, म्हणजे सरासरी एका प्रभागात 64 हजार माणसं, आज त्याहून जास्तच. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष 50 हजारांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, 10 हजारांमागे एक एएनएम (सहायक परिचारिका), आणि आशा 200 ते 500 घरांमागे एक. तुमच्या प्रभागात प्रत्यक्षात किती आहेत ते दोन दिवस फिरून मोजा. माहितीचा अधिकार वापराल तर उत्तराला 30 दिवस लागतात, मतदान त्याआधी होऊन जाईल. केंद्रात जाऊन फलक वाचा, सिस्टरना सोबत न घेता आणि प्रचाराचा बिल्ला न लावता. डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात? संध्याकाळी मजूर घरी येतो तेव्हा दार उघडं असतं का? (‘आपला दवाखाना’ दुपारी 2 ते रात्री 10 अशी वेळ ठेवून सुरू झाला तो याचसाठी.) बीपी-शुगरच्या गोळ्या 30 दिवसांच्या मिळतात की पाच दिवसांच्या? पाच दिवसांच्या मिळाल्या की माणूस सहाव्या दिवशी रोजी बुडवून परत येत नाही, गोळीच सोडतो.

एक गोष्ट अगदी बारकाईने बघा : कुत्रा चावल्याची लस. रक्त निघालं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची, मग दवाखाना. ही लस 2 ते 8 अंशांत राहावी लागते. केंद्रातल्या लसीच्या फ्रिजवर तापमानाचा तक्ता टांगलेला असतो आणि त्यावर दिवसातून दोनदा नोंद व्हायला हवी. मे महिन्यात लाइट गेल्यावर त्या तक्त्यात काय लिहिलंय, आणि लाइट गेल्यावर फ्रिजचं काय करतात, हे सिस्टरइतकं नीट कोण विचारू शकेल? ‘प्रभागातल्या केंद्रात रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन कायम, फ्रिजला वीज गेल्यावरची सोय, साठ्याचा फलक रोज बाहेर’ असं वाक्य जाहीरनाम्यात घाला. हे महापालिकेच्या अंदाजपत्रकात मागता येतं, स्थायी समितीत आणि सर्वसाधारण सभेत भांडून मिळवता येतं, आणि सहा महिन्यांनी कुणीही जाऊन तपासू शकतं. तुंबलेली गडरलाइन, डासांची डबकी आणि टाकीचं पाणी यांनाही आरोग्याच्याच मथळ्याखाली ठेवा. डेंग्यूत नगरसेविकेचा खरा हात तिथेच पोचतो. नवी पदं भरू असं मात्र लिहू नका. पदांना शासनाची मंजुरी लागते, आणि अभियानातले कर्मचारी कंत्राटी असून त्यांचे पैसे केंद्र-राज्याकडून येतात.

शिबिर आचारसंहितेत घ्यायचं नाही, हे पोरांना ठणकावून सांगा. मतदाराला फुकट तपासणी, चष्मा, गोळ्या देणं हे लाच ठरू शकतं. त्याची शिक्षा न्याय संहितेच्या 173 मध्ये आहे. (वर एफआयआरचं म्हणून आलेलं 173 सुरक्षा संहितेतलं, हे वेगळं.) ‘आरोग्य सर्व्हे’च्या नावाखाली नाव, मोबाइल, मतदार क्रमांक लिहून ‘निवडून आल्यावर कार्ड देऊ’ असे फॉर्मही भरू नका. 2 मे 2024 रोजी भारत निवडणूक आयोगाने पक्षांना अशा नोंदण्या ताबडतोब थांबवायला सांगितलं होतं. तो आदेश लोकसभेच्या वेळचा असला तरी तुमच्या विरोधकाला तक्रार लिहायला नमुना म्हणून पुरेल. आणि सिस्टरनी प्रचारात कुणाची शुगर टोचून बघितली, तर वापरलेली सुई जाड पांढऱ्या डब्यात न जाता गल्लीत पडेल आणि त्याचा फोटो निघेल. बीपी बघा म्हणून आजी हात पुढे करतीलच. तेव्हा सिस्टरनी केंद्राची वेळ सांगायची आणि पुढच्या घरी जायचं.

आज संध्याकाळच्या फेरीआधी दोन कामं उरका. सिस्टरना घेऊन ठाण्यात जा, अर्जाच्या तीन प्रती आणि एनसीची झेरॉक्स सोबत न्या. आणि छापखान्याला फोन करून जाहीरनाम्याचं पान थांबवा. छपाई झाली असेल तर निदान वाटप थांबवा. नव्या पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या टाकायला विसरू नका.